तिफणीनं पेरलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात धारूरकडच्या त्या गावात एक दिवसाआड टँकर यायचा, सगळं पाणी विहिरीत सोडायचा आणि निघून जायचा. मग शे-दीडशे बादल्या एकदम विहिरीत पडायच्या. सोमवारी त्या झोंबाझोंबीत केसरबाईचा पाय कठड्यावरून निसटला. दोर मनगटाला गुंडाळलेला होता म्हणून ती मधेच लोंबकळली आणि चार बायांनी ओढून वर घेतली. जीव वाचला, मनगट मोडलं. बुधवारी सकाळी दहाला तिच्या जागी तिची सोळा वर्षांची मुक्ता जाणार होती.

केसरबाईचा नवरा रामहरी गावच्या सहकारी सोसायटीचा सचिव. टँकरच्या प्रत्येक खेपेवर सही त्याची लागायची. म्हणजे पोरगी कठड्यावर झुंजत असताना बाप दहा पावलांवर कागद धरून उभा राहणार. मंगळवारी चार वाजता त्यानं सोसायटीच्या गोदामात बैठक बोलावली.

लोक आले. पण बोलणार कोण? चेअरमन विठ्ठलरावांनी सहा वर्षांपूर्वी एक शिरस्ता पाडला होता: जो सुचवील, त्यानंच करायचं. हेतू चांगला होता, फुकटचे सल्ले बंद व्हावेत. ते बंद झाले, आणि त्यांच्याबरोबर कामाचेही. गोदामाचे पत्रे गळतात, एवढं एकदा सटवा बोलून गेला, तर अख्खा पावसाळा तो एकटाच पत्र्यावर होता. तेव्हापासून बैठकीत माणसं चटईच्या काड्या उचकटत बसायची.

रामहरीनं कोपऱ्यात दोन पेरण्यांपासून पडून असलेली तिफण ओढली आणि मधोमध उभी केली. वर चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी. तिच्यातून खाली उतरणाऱ्या तीन पोकळ नळ्या.

"विहिरीचं मागून बोलू," तो म्हणाला. "आधी सांगा, पाऊस न्हाई, पेरणी न्हाई, तर हिचं काय काय करता यील?"

"सांगंल त्याच्या गळ्यात पडंल," सटवा म्हणाला.

"आज न्हाई पडणार. आज कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची. चेअरमन साहेबांची चिठ्ठीबी डब्यात हाय."

विठ्ठलरावांनी चमकून वर पाहिलं. ही बातमी त्यांनाही तिथंच कळत होती. साठ डोळे त्यांच्यावर खिळले.

"असू द्या," ते सावकाश म्हणाले.

"धोतर वाळत घालावं हिच्यावर," मागून कोणीतरी सुरुवात केली.

"धुतोस कशानं बे? पाणी कुठंय?"

"बिगर धुतलेलंच वाळवील त्यो. नवं काय हाय त्यात?"

"नवरदेवाला जुंपावं," ताराबाई पदराआडून म्हणाली. "म्हंजी पोरीच्या बापाला आधीच कळंल, ओढणारा हाय का नुसता खाणारा."

"सोसायटीच्या इलेक्शनला हुबी करा."

"आन निवडून आली तर?"

"लई बरं हुईल. बैठकीत भाषण तरी करणार न्हाई."

यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले ते विठ्ठलराव. मग कोणाला अडवणं राहिलं नाही. शेळी बांधा, पाळणा टांगा, वाकळ टाकून सावली करा. रामहरी मात्र घड्याळाकडे बघत होता. पंधरा मिनिटांत एकवीस उत्तरं आली आणि कामाचं एकही नाही. त्याच्या डोळ्यांपुढून विहिरीचा कठडा हलत नव्हता.

दाराशी बायनाबाई बसली होती. वय सत्तरीपुढचं.

"पाणी पेरा की हिनं," ती म्हणाली.

गोदाम खदखदून हसलं. म्हातारी हसली नाही.

"दात कशापायी काढता? जिंदगीभर चाड्यावर मूठ धरलीय म्या. मूठ एक, नळ्या तीन. कंदी एका नळीनं दुसरीचा दाणा हिसकावला? तुमी मातुर समदं पाणी एका खड्ड्यात वतता आन बायांना म्हणता, घ्या वढून."

या वेळी कोणी चटईकडे बघत नव्हतं.

"पिपाला भोकं पाडायची," सटवा पुटपुटला. "बैलगाडीवर पीप ठिवायचं. टँकरचं पाणी त्यात."

"भोकं एका उंचीवर पाड बे. न्हाईतर खालच्या गल्लीची चैन."

"गल्ल्या आठ. भोकं आठ," ताराबाई म्हणाली. "पण नळ्या?"

"माझ्या मोसंबीत हायेत," विठ्ठलराव म्हणाले. "दोन इंची. बाग वाळली, पाइप थोडाच वाळतोय? कॉकसकट उपसा."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सुचवलं. सटवा गालात हसत होता.

"चिठ्ठ्या काढ बे रामहरी, लवकर काढ," ते घाईनं म्हणाले. चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला पिपाला भोकं पाडणं आलं. अंधार पडेपर्यंत ते ड्रिल घेऊन बसले होते, आणि प्रत्येक भोक दोनदा मोजत होते.

बुधवारी दहा वाजून पाच मिनिटांनी टँकर आला. बैलगाडी, तिच्यावरचं निळं पीप आणि त्यातून फुटलेले आठ पाइप पाहून ड्रायव्हर भारत खालीच उतरेना.

"मला आजूक तीन गावं हायेत. हिरीत सोडतो, धा मिनटांत मोकळा."

"सोमवारी किती मिनटांत मोकळा झालतास?" रामहरीनं विचारलं.

भारतनं विहिरीकडे पाहिलं. "बाई वर काढून, दवाखान्याची जीप यीस्तोवर... दोन तास."

"मग?"

भारतनं टँकरची पाण्याची नळी पिपात सोडली.

तिसऱ्या गल्लीचा सांधा गळायला लागला. सटवानं तो सायकलच्या ट्यूबनं आवळला. मग आठही तोट्यांना सारखी धार लागली. भांडणं झाली, कारण घागर आधी कुणाची हा प्रश्न उरलाच होता. पण ती सपाट जमिनीवर झाली. विहिरीच्या कठड्यावर एक शेळी उभी होती, तिला हाकलायलाही कोणी गेलं नाही.

मुक्ता दोन घागरी घेऊन आ वासून बघणाऱ्या बापासमोरून गेली. "अप्पा, तोंड मिटा," म्हणाली, आणि थांबली नाही.

सव्वा अकराला टँकर रिकामा झाला. खेपेच्या कागदावर शेऱ्याचा एक रकाना असायचा. सोमवारी तिथं 'एक जखमी' लिहिताना रामहरीचं अक्षर वाकडं आलं होतं. आज त्यानं लिहिलं, 'काही नाही'.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून केसरबाई मागं येऊन उभी होती.

"काय लिवलं?"

"काई न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी कुणी पडलं न्हाई."

"मग तसं लिवा की सरळ," ती म्हणाली.

रामहरीनं आधीचं खोडलं, तसं लिहिलं, आणि खाली सही केली.