उष्ट्या नानचं चित्र

"हा बास्केटबॉलचा खेळ आहे का?"

संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या आमच्या खेळाच्या पानाखाली आलेली ही पहिली प्रतिक्रिया. मी बिश्केकमधल्या आमच्या स्वयंपाकघरात चहाचा पियाला हातात धरून उभी होते, आणि तो तसाच पडद्यावर फेकून मारावा असं मला वाटलं. माझा धाकटा भाऊ सिरगाक संगणकासमोर बसला होता. त्याने ते वाचलं, खुर्चीत मागे रेलला आणि हसायला लागला.

"हस, हस," मी म्हणाले. "चित्र मी काढलंय ना!"

"एजे, तुला नाही हसत. पण खरंच चेंडू दिसतोय गं."

थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. हे शेंबडं पोर मला एजे म्हणतं आणि मान मात्र काडीचा देत नाही. पण डोकं त्याचंच. आमचा खेळ सगळा त्याने बांधलेला, चित्रं तेवढी माझी. एक मुलगा मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडे जातो, हिमवादळात अडकतो, आणि वाऱ्याचा, कुत्र्याचा आवाज ऐकत ऐकत त्याला घराची वाट शोधावी लागते. एवढाच खेळ. घरी पोचण्याचा शेवटचा भाग बांधायचा राहिला होता.

खेळाच्या मुखचित्रावर मी तुंदुक काढलं होतं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूत आडवं पडून वर पाहिलं की माथ्यावर लाकडी कडं दिसतं, त्यात आडव्या-उभ्या वाकवलेल्या काठ्या आणि त्यांच्यामधून आभाळ. तेच तुंदुक. ते आमच्या झेंड्यावर आहे. आमच्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून दाखवा, तो घर म्हणेल. मी मागचं आभाळ पहाटेचं नारिंगी केलं, काठ्या काळपट ठेवल्या. मोठ्या पडद्यावर ते पाहून आपा, म्हणजे आमची आई, डोळे पुसत होती. पण दुकानात चित्र दिसतं टपाल तिकिटाएवढं, आणि तेही शेकडो चित्रांच्या गर्दीत. तिथे तो नारिंगी चेंडूच होता, आणि त्याच्यावर काळ्या रेघा.

पुढे तर आणखी वाट लागली. पाहणाऱ्यांनीच आमच्या पानाला 'मैदानी खेळ' अशी चिठ्ठी डकवली. मग दुकान आम्हाला चेंडू खेळणाऱ्यांपुढे नाचवायला लागलं. ते यायचे, मेंढ्या बघायचे आणि निघून जायचे. एकाने विचारलं, "मेंढ्या जाळीत टाकायच्या का?" त्याला मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या आपाने ऐकल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं.

हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. दुकानात येऊ घातलेल्या नव्या खेळांचा आठवडा चालू होता आणि सगळं त्या आठवड्यावर होतं. सिरगाकने आपाला शब्द दिला होता. या आठवड्यात लोकांनी खेळ उचलून धरला, 'हवाय' म्हणून खूण करून ठेवला, तर ठीक. नाहीतर तो नोवोसिबिर्स्कला ताकेकडे, म्हणजे मामाकडे, जाऊन गोदामात खोकी उचलणार. मामाने तिथे बोलूनही ठेवलं होतं. सिरगाक गेला की खेळ संपला. मला त्यातली एक ओळ लिहिता येत नाही. तो जाऊ नये, मला बाकी काही नको होतं. आणि त्याला थांबवायला माझ्या हातात होतं तिकिटाएवढं चित्र, तेही मीच बिघडवलेलं.

मग मी चित्रांचा सपाटा लावला. वरच्या मजल्यावरचे मिर्लान-बायके, म्हणजे मिर्लानदादा, दोर्दोय बाजारात फोनची कव्हरं विकतात. ते न बोलावता आले आणि म्हणाले, "गरुड काढ गं. गरुड हातोहात खपतो."

आपा म्हणाली, "घोडा काढ. घोडा कुणाला आवडत नाही?"

दोन्ही काढले. बारीक केल्यावर गरुडाची कोंबडी झाली. घोडा पर्यटन खात्याच्या जाहिरातीतून पळून आल्यासारखा दिसत होता. बर्फातला मुलगा काढला, तो ठिपका झाला. त्याचा नुसता चेहरा काढला, मोठ्याने हाक मारणारा.

सिरगाक म्हणाला, "याची दाढ दुखतेय का?"

प्रत्येक चित्र बारीक करून, छापून मी ते स्वयंपाकघरात किटलीला टेकवून ठेवायची, घरातल्याच बोळाच्या पार टोकाला, बाहेरच्या दारापाशी जायची आणि डोळे किलकिले करून बघायची. तिथून ओळखू आलं तर दुकानात ओळखू येईल. एकही ओळखू आलं नाही. नुसता चिखल. दुपारी माझी बोटं आखडायची, तरी मी काढत होते, आणि रोज सकाळी 'हवाय'च्या खुणांचा आकडा होता तिथेच.

"एजे, पुरे कर," सिरगाक एकदा म्हणाला.

"पुरे काय? आठवडा संपला का?"

"मला दिसतंय ना."

तेव्हा माझं लक्ष दारामागे गेलं. त्याची बॅग भरून तयार होती.

"आधीच भरलीस?" मी किंचाळले. "लढायच्या आधीच हरलास?"

"हरलो नाही गं. दमलो."

मी वळून पुढच्या चित्राला बसले.

मामाचा फोन आला तेव्हा आठवड्यातले शेवटचे दोन दिवस उरले होते. जागा आत्ताच आहे, उद्या निघ, नाहीतर दुसऱ्याला देतील. मी दोन दिवस मागितले, सिरगाकपाशी, आपापाशी, फोनवर मामापाशीही. मामा म्हणाले, "पोरी, गोदाम तुझ्या चित्रासाठी थांबत नाही."

सकाळी आपाने कोपऱ्यावरच्या तंदुरातून गरम नान आणला. सिरगाक बूट घालून उभा राहिला तसा तिने तो त्याच्या तोंडापुढे धरला.

"चाव."

दूर जाणाऱ्या माणसाने नानचा एक घास तोडायचा. उरलेला घरात जपून ठेवायचा. तो परत येऊन संपवतो. आमच्या वडिलांचा नान घरात कितीतरी वर्षं होता. मग एके दिवशी आपाने तो भिजवून पाखरांना घातला, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही.

"मोठा घास घेऊ का?" सिरगाक म्हणाला. "आल्यावर कमी खावा लागेल."

"गप बस. नीट चाव."

त्याने चावला. जॅकेटवर पडलेला चुरा आपाने झटकला. तो माझ्याकडे वळला, पण मी त्याला मिठीसुद्धा मारली नाही. मला त्याचा इतका राग आला होता. दार लागलं, जिन्यात त्याची पावलं वाजली आणि मी दाराला पाठ लावून तशीच उभी राहिले.

आपाने नान वाळायला म्हणून फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवला. मी बोळाच्या टोकाला होते आणि डोळे भरून आले होते. किटली दिसत नव्हती, पडदा दिसत नव्हता, आपासुद्धा धूसर झाली होती. नान मात्र दिसत होता. सोनेरी, गोल, आणि कडेचा एक घास गेलेला. कुणीतरी घरातून गेलंय, हे तिथून स्पष्ट कळत होतं.

आमच्या खेळाच्या पहिल्याच दृश्यात आई मुलाला नान चावायला लावते. ते दृश्य मीच काढलंय. मुखचित्रासाठी मात्र ते मला एकदाही सुचलं नव्हतं. घराघरात असलेली गोष्ट कोण मुखचित्रावर लावतं! झेंड्यावरचं तेवढं सुचलं मला, शहाणीला.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशीच बसून काढायला घेतलं. गडद निळं कापड, एक नान, कडेला दातांच्या खुणा. बास.

"उष्टं कुणी चित्रात काढतं का?" आपा म्हणाली.

"आपा, त्याला हात लावू नकोस. हलवू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसली आणि तोंड न झाकता रडली. मी काढत राहिले. दुपारी चित्र दुकानात चढवलं.

संध्याकाळी आकडा हलला. मग हलतच गेला. लोक यायचे आणि थांबायचे. मी सिरगाकला फोन लावला, तो विमानात होता. दुसऱ्या दिवशी लावला, गोदामाच्या फाटकावर फोन काढून घेतात म्हणे. आठवडा संपला, आमचा खेळ लोकांनी उचलून धरला होता, आणि ज्याला हे सांगायचं तो खोकी उचलत होता.

त्यानंतर एकदाचा त्याचा फोन आला.

"एजे, पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत फोन परत देतात, तेव्हा पाहिलं."

"मग ये ना परत!"

"कसा येऊ? सही करून बसलोय. ताके जामीन राहिलेत माझ्यासाठी. वसंतापर्यंत सुटका नाही."

"शेवटचा भाग राहिलाय, सिरगाक. तो झाल्याशिवाय विकता येत नाही. तिथेच बस, थोडं थोडं लिही."



"बोटं वाकत नाहीत गं," तो म्हणाला. "संध्याकाळी चमचा धरता येत नाही."

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. दारात मिठी मारली नाही तेही सांगायचं होतं. पण मी नुसती हुंदके देत होते.

"रडू नकोस. नान कशात ठेवलाय? पिशवीत नको ठेवू, बुरशी येते. फडक्यात बांधायला सांग आपाला."

फोन ठेवला आणि मी आमच्या पानावर आले. कुणीतरी, कुठल्या देशातून कोण जाणे, विचारलं होतं, "नानचं चित्र पाहून आलो. खेळ आल्यावर घेईनच, पण एवढं आधी सांगा. तो घरी येऊन उरलेला नान खातो का?"

आत आपा फडक्याची गाठ मारत होती. मी लिहिलं, "अजून नाही." ते पुसलं. दुसरं काही सुचेना, म्हणून पुन्हा तेच लिहिलं.