जाळीतला नवरदेव

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आफ्रिकेची इतकी माहिती होती की तेवढी आफ्रिकेतल्या लोकांनाही नसेल. स्वतः ते अंधेरी सोडून फारतर वसईपर्यंत गेले होते, तेही कुणाच्या तरी बाराव्याला. पण माझ्या नणंदेचं, कुंदाचं, दारेसलामच्या मुलाशी लग्न ठरलं आणि सरकारी नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले अण्णा पुन्हा कामाला लागले.

कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी परदेशी जायला काय काय लागतं ते सगळं गोळा केलं. पासपोर्ट, देवी टोचल्याचा दाखला, कॉलऱ्याचा दाखला, पिवळ्या तापाची लस, नवऱ्याने तिकडून पाठवायचा परवाना. शिवाय उपदेश वेगळा. पाणी उकळूनच प्यायचं, बूट झटकूनच घालायचे, उन्हात सोला हॅट, ती साहेब लोकांची टोपी, घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हॅटची सवय व्हावी म्हणून कुंदाला रोज दुपारी हॅट घालून अंगणात फिरावं लागे. शाळेत शिकवणारी, बी. ए. झालेली मुलगी ती! पाचवारी पातळ, वर ती हॅट, आणि कुंपणाला अर्धी गल्ली. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आणि पुन्हा चुलीकडे वळत. तीस वर्षांत त्यांनी अण्णांना कशावरून टोकलेलं मी तरी ऐकलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणीही नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. कुंदा आणि तो मुलगा, मार्तंड सबनीस, एकमेकांशी बोललेच नव्हते. गेल्या दिवाळीत तो बघायला आला तेव्हा अण्णा दीड तास हिंदी महासागरातल्या वाऱ्यांवर बोलले. मुलगा दोनदा ‘हो’ म्हणाला आणि एकदा ‘पाणी’ म्हणाला. मग तो परत गेला आणि पत्रं सुरू झाली, तीही त्याची आणि अण्णांची. लग्न ह्या दोघांचंच ठरलंय की काय असं मला वाटायचं.

एका दुपारी तांदूळ निवडताना कुंदा म्हणाली, “वहिनी, पाणी उकळायचं ते समजलं गं. पण माणूस कसा आहे?”

“चांगलाच असेल की.”

“असेल म्हणजे? नसला तर? तू पहिल्या वर्षी भांडून तीनदा माहेरी मुलुंडला गेलीस. मी कुठे जाऊ? मध्ये समुद्र आहे.”

तीनदा नव्हे, चारदा गेले होते, म्हणून मी तांदळात खडे शोधत राहिले. तिने धीर करून अण्णांना विचारलंही, की तो आला की मला तासभर त्याच्याशी बोलू द्या. अण्णा म्हणाले, “आयुष्य पडलंय बोलायला.” विषय संपला. असा राग आला मला त्यांचा! पण सुनेच्या रागाला विचारतो कोण?

मुहूर्त ज्येष्ठातला अगदी शेवटचा होता. तो चुकला तर थेट तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर मुलाची रजा संपणार. म्हणून अण्णांनी त्याला कळवलं की बोटीचा भरवसा नको, विमानाने या. मग ‘आमचे जावई विमानाने येतायत’ हे त्यांनी अंधेरीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

लग्नाला चार दिवस उरले असताना आम्ही सगळे हार घेऊन सांताक्रूझच्या विमानतळावर गेलो. विमान आलं, माणसं बाहेर आली, त्यांची सामानं आली. मार्तंड काही आला नाही. बऱ्याच वेळाने पांढरा कोट घातलेल्या एक ठेंगण्या बाई आल्या. त्या तिथल्या डॉक्टर होत्या, नाव रत्नप्रभा.

“सबनिसांचे तुम्ही का? त्यांना आम्ही ठेवून घेतलंय. पिवळ्या तापाची लस परवा घेतलीय त्यांनी. ती लागू पडायला दहा दिवस लागतात. अजून आठ दिवस जाळीच्या घरात.”

अण्णा हसले. “बाई, काहीतरी घोटाळा होतोय. ती लस तिकडे जायला लागते.”

“तिकडून यायलाही लागते.”

“स्वतःच्या देशात यायला? आपल्या घरात शिरायला कसला दाखला?”

“रोग तिकडे आहे, डास इकडे आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांच्या रक्तात काही असलं आणि तुमच्या अंधेरीचा डास त्यांना चावला, तर सगळ्या मुंबईची वाट लागेल. रोगाचं आणि डासाचं लग्न लागू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. बोटीने आले असते तर समुद्रातच दिवस भरले असते. विमानाने कोणी यायला सांगितलं?”

आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हातातल्या हाराकडे पाहिलं. कुंदाला तिकडे धाडायचे सगळे नियम ह्यांना पाठ, पण जावयाला इकडे यायला काही लागत असेल हे ह्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “सुतक धरायचं झालं,” आणि डब्याची तयारी करायला लागल्या.

जाळीचं घर विमानतळाच्या मागे, अंधेरीच्या बाजूला होतं. सगळ्या खिडक्यांना आणि व्हरांड्याला बारीक तारेची जाळी, आत जायला एकामागे एक दोन दारं, आणि डबा द्यायला भिंतीत एक छोटी खिडकी. भेटायला येणाऱ्यांनी जाळीबाहेर उभं राहून बोलायला हरकत नव्हती. डबा रोज मी नेणार असं ठरलं. “हात दुखतो, सोबतीला कुंदाला नेते,” असं मी म्हटलं. अण्णा तेव्हा नियमाचं पुस्तक शोधत होते, त्यामुळे त्यांनी ऐकलंच नाही.

पहिल्या दिवशी जाळीच्या ह्या बाजूला कुंदा, त्या बाजूला चष्मा लावलेला एक वाळका, विमानात ओकून ओकून पिवळा पडलेला माणूस, आणि बाजूच्या कट्ट्यावर विणकाम घेऊन मी.

“जेवण आवडलं?” कुंदाने विचारलं.

“आमटी चांगली होती. वहिनींना सांगा.”

“ती काय, इथेच बसलीय.”

“ऐकलं मी,” मी म्हटलं. त्या दिवशीचं बोलणं तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी मात्र कुंदातली मास्तरीण जागी झाली. ती वर्गात तोंडी परीक्षा घ्यावी तशी उभी राहिली.

“तिकडे सिंह आहेत?”

“असतील. मी पाहिला नाही. माकडं आहेत, वाळत घातलेले कपडे पळवतात.”

“सोला हॅट लागते?”

“मी छत्री घेतो.”

“बंगला केवढा आहे?”

“बंगला मालकाचा आहे. मागच्या अंगाला माझ्या दोन खोल्या. वर पत्रा आहे, पाऊस आला की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही.” मग म्हणाला, “हे मी अण्णांना लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबद्दल कळवलं.”

कुंदा हसली. त्या हॅटच्या कटकटीपासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मग तिने विचारलं, “सगळ्यात जड काय जातं तिथे?”

त्याने चष्मा काढून पुसला. “संध्याकाळ. कामावरून घरी आलं की बोलायला कोणी नसतं. कधीकधी मी भिंतीवरच्या पालीशी बोलतो.”

“काय बोलता?”

“आज पेढीवर भाव काय होता, साहेब काय म्हणाला. ती चुकचुकते.”

इकडे अण्णांनी हार मानली नव्हती. ते आमच्या भटजींना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि लग्न मुहूर्तावर, जाळीपाशीच लावायचं ठरवून आले. भटजी मोठे हुशार. म्हणाले, जाळी हाच अंतरपाट समजायचा. आरपार दिसतंय, म्हणजे दृष्टादृष्ट झालीच. मंगळसूत्राला नवरदेवाने हात लावून ते डब्याच्या खिडकीतून बाहेर धाडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाहेर काय वाटेल ते करा. होम तर कराच, धुराने डास तरी पळतील.”

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा मार्तंडच आधी बोलला. “तुम्हाला यायचंय का?”

“कुठे?”

“तिकडे. माझ्याबरोबर.”

कुंदाने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, “हे मला कोणी विचारलंच नाही.”

“मी विचारतोय.”

“खरं सांगू? ठाऊक नाही हो. तीन दिवसांत कसं कळणार?”

त्याने मान डोलावली. “उद्या माणसं जमली की तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. तेव्हा असं करा. नको वाटलं तर नुसता कपाळाला हात लावा. मी म्हणेन, मला ताप आलाय. पुढे डॉक्टरीणबाई इथे कोणाला उभं राहू देणार नाहीत. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, परत जाईन.”

माझ्या सुयांवरचे टाके कधी सुटले मला कळलं नाही. परतताना टांग्यात मी तिला विचारलं, “काय करणार तू?” तर म्हणाली, “विचारू नकोस गं, मलाच समजत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीसमोर सगळं लग्न उभं राहिलं. मार्तंडकडून कांदिवलीचे त्याचे काका, आमच्याकडून सगळी गल्ली. आत मार्तंड मुंडावळ्या बांधून एकटाच पाटावर उभा, बाहेर कुंदा हातात हार घेऊन. होमाचा धूर असा की नवरदेव मधूनमधून दिसेनासा होई. मंगलाष्टकं सुरू झाली. माझं मंगलाष्टकांकडे लक्षच नव्हतं, मी कुंदाच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसले होते.

हात खाली होता. दुसरं अष्टक झालं, तिसरं झालं, हात खालीच. चेहराही शांत होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि तेवढ्यात धुराला न घाबरलेला एक डास आला, कुंदाच्या कानाशी फिरला आणि तिच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या वर बसला. नको गं बाई, असं मी मनात म्हणतेय तोवर कुंदाने चटकन हात उचलून त्याला फाडकन मारलं.

“मला ताप आलाय,” आतून मार्तंड म्हणाला आणि पाटावर खाली बसला.

मग जी पळापळ झाली! डॉक्टरीणबाईंनी शिट्टी फुंकली, शिपायांनी आम्हाला अक्षतांसकट कुंपणापर्यंत मागे रेटलं, भटजींची पळी होमात पडली. “अहो, डास होता, डास!” असं कुंदा ओरडत होती, पण त्या गोंधळात तिचं कोण ऐकतंय? बाई थर्मामीटर घेऊन आत गेल्या. त्या बाहेर येईपर्यंत मुहूर्त टळला होता.

“ताप नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा नवरदेव ठणठणीत आहे.”

अण्णा तरातरा जाळीपाशी गेले. “मार्तंडराव, हे काय? खोटं बोललात?”

मार्तंडने एकदा कुंदाकडे पाहिलं. “हो. चूक माझी आहे. कोणाला काही बोलू नका.”

“पाहिलंत?” अण्णा कांदिवलीच्या काकांवर गरजले. “असल्या खोटारड्याला मी मुलगी देणार नाही! कुंदे, चल घरी.”

मी कुंदाकडे पाहिलं. आता तिला काहीच करायचं नव्हतं. गुपचूप टांग्यात बसायचं, दोन दिवस रडल्यासारखं करायचं, की सुटली. अख्खी गल्ली तिचीच बाजू घेणार होती. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही.

कुंदा हलली नाही. “अण्णा, ते माझ्यासाठी खोटं बोललेत,” ती म्हणाली, आणि कपाळ, डास, ताप, सगळं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “गेले सहा महिने तुम्ही मला कायकाय टोचलंत. पण जायचंय का, ते ह्यांनी विचारलं. आणि मी नाही म्हटलं तर दोष स्वतःवर घ्यायलाही तयार झाले. मला कळलं माणूस कसा आहे ते. मला हेच हवेत.”

“म्हणजे डास होता?” आतून मार्तंडने विचारलं.

“डास होता!” कुंदा त्याच्यावर खेकसली. “जरा नीट बघत जा की!”

“पण मुहूर्त?” अण्णांनी कपाळावर हात मारला. “मुहूर्त गेला. आता तुळशीचं लग्न होईपर्यंत एकही नाही. काय भटजी?”

“मार्तंडराव सुटतील त्या संध्याकाळी गोरजावर लावता येईल,” भटजी चाचरत म्हणाले. “तसं शास्त्रात फारसं...”

“बिनमुहूर्ताचं लग्न? माझ्या मुलीचं? त्यांचं पुढे बरं कसं होईल?”

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. आवाज चढवला नाही, पदरही ढळू दिला नाही.

“आपलं तर घटका बघून लागलं होतं,” त्या म्हणाल्या. “पळभर इकडे नाही की तिकडे नाही. तीस वर्षं झाली. आजवर एक तरी प्रश्न विचारलात मला?”

सगळे नियम, सगळे दाखले तोंडपाठ असलेला तो माणूस बायकोकडे असा बघत राहिला की मला त्यांची पहिल्यांदाच दया आली. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “काय विचारायला हवं होतं?”

“आता राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “आधी पोरीचं लावा.”