जोर न लावता

सर ज्या हॉलमध्ये आयकिडो ही जपानी युद्धकला शिकवत, तिथे सगळे तिला ताई म्हणत. दिवसभर रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम, संध्याकाळी पांढरा कोट उतरवून पांढरेच जाड कपडे चढवायचे आणि चटईवर यायचं. रिपोर्टातला दशांशसुद्धा ती इकडचा तिकडे होऊ देत नसे.

आयकिडोत एक जण पकडतो, दुसरा त्याला फेकतो. पकडणाऱ्याने अडून बसायचं नसतं. फेक आली की तिच्याबरोबर जायचं, लोळून उठायचं. अडून बसलं तर मनगट जातं. शिकवताना फेकून दाखवायला सर नेहमी ताईलाच बोलवत. बावीस वर्षं ती त्यांच्या हातून पडत आली होती. सर कुठे वळणार, हे तिच्या मनगटाला आधी कळे.

म्हणून ती गोष्टही पहिल्यांदा तिलाच कळली. सरांनी डाव्या हाताने तिचं मनगट पिळलं आणि काही आलंच नाही. बोटं होती, पकड नव्हती. समोर वीस जण बघत बसलेले. ती क्षणभर अडखळली आणि मग आपणहून पडली. पडली तीही अशी झकास, की चटई दणाणली.

"बघितलंत?" सर म्हणाले. "जोर कुठे लावला मी?"

असतो एखादा दिवस तसा, असं तिने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मग तिच्या लक्षात आलं की वर्गातला सगळ्यात वजनदार गडी, टपालवाला, सरांचा हात लागायच्या आधीच कलंडतोय. कपडे बदलायच्या खोलीबाहेर तिने त्याला गाठलं.

"तुलाही सरांची पकड लागत नाही ना रे?"

"ताई, माझ्यासारखं पोतं पडायला निमित्तच शोधत असतं." त्याने बुटाची नाडी ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सांगायचं कोणी? तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या."

"मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग पडा की. आपलं काय जातंय?"

यावर कोणी काही ठरवलं नाही, पण सगळेच पडू लागले. नवे जुन्यांचं बघून शिकत. सर खुशीत होते. इतके हलके हात आपले कधीच नव्हते, असं म्हणत.

मग वर्गात एक बेकरीवाली आली. रोज मणभर कणीक तिंबणारे तिचे दंड, आणि इथली रीत तिला ठाऊक नाही. दुसऱ्याच दिवशी सरांनी तिला पुढे बोलावलं, तिचं मनगट पिळलं. ती उभीच. सरांनी पुन्हा पिळलं.

"मी काय करायचंय आता?" तिने भाबडेपणाने विचारलं.

कोणी हसलं नाही. सर आपल्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरून खळगा पडला होता. तो ताईला किती दिवसांपासून दिसत होता.

दीड महिन्यात तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी सरांची बायको, काकू, आल्या होत्या, पण डॉक्टरांच्या खोलीत सरांबरोबर ताईच बसली. त्यातलं तिला कळतं म्हणून. मानेत मज्जारज्जू दबला होता.

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीडेक महिना," सर म्हणाले. "त्याआधी रोज माणसं फेकत होतो. हिलाच विचारा."

"मग वेळेत आलात. दीड महिनाच असेल, तर ऑपरेशननंतर ताकद बरीचशी परत येईल."

सरांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, बघ म्हटल्यासारख्या. डॉक्टरांनी दीड महिना लिहून घेतला. ती त्या आकड्याकडे बघत राहिली.

"चौदा महिने," ती म्हणाली.

"काय?"

"चौदा महिने झाले. डाव्या हाताला पकड नाही. मला माहीत आहे."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडावर धरली. "मग अवघड आहे. ऑपरेशन करावंच लागेल, पुढे वाढू नये म्हणून. पण जी गेली ती ताकद परत येईल, असं मी म्हणणार नाही."

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसली. समोरच्या खिडकीत तारीख घेण्यासाठी काकू रांगेत उभ्या होत्या.

"तुम्ही सगळे आपापले पडत होतात?" सरांनी विचारलं.

"हो."

"तूसुद्धा?"

"आधी मीच."

चिडले असते तर बरं झालं असतं. ते डाव्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न करत होते. दोन बोटं मागे राहत होती.

"मला वाटत होतं, आता कुठे जमायला लागलं," ते म्हणाले. "आयुष्यभर तुम्हाला सांगत आलो, जोर न लावता फेकता आलं पाहिजे. मला स्वतःला कधी येत नव्हतं ते. या वर्षी वाटलं, आलं. तुझ्या काकूला सांगितलंसुद्धा."

 दबलेले मज्जातंतू किती महिन्यांत कायमचे मेले असं धरतात, ते ताईला आकड्यानिशी माहीत होतं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

काकू लगबगीने परत आल्या. हातातली चिठ्ठी त्यांनी सरांपुढे धरली आणि मग ताईकडे वळून हसल्या.

"एकोणीस तारीख दिली त्यांनी. लवकर मिळाली हो, नाही?"

"हो काकू," ती म्हणाली.