मालवणिस्ती गाऱ्हाणं

कमलताईंची सून फणसवाडीची, मालवणीचा गंध नसलेली, आणि शिकायची काय, तर जुनी ग्रीक! लालबागच्या चाळीत ही बातमी मसाल्याच्या खकाण्यासारखी पसरली. "ग्रीक शिकान कोणाचा पोट भरला?" असं कमलताईंनी तोंडावर विचारूनही झालं. सुचित्रा नुसती हसली आणि लसूण सोलता सोलता सांगू लागली, की ते लोक भाषेच्या नावाला 'इस्ती' असं शेपूट जोडत. एलिनिस्ती बोलला म्हणजे ग्रीकमधून बोलला, एब्राइस्ती म्हणजे हिब्रूतून.

"तर मगे आमचा मालवणिस्ती!" कमलताई म्हणाल्या आणि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून सासरे गुणाजी बोलायला लागले की सून कामधाम सोडून ऐकत बसायची.

पण त्या उन्हाळ्यात गुणाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गणेश चतुर्थीला घरचं गाऱ्हाणं घालायचे ते तेच. देवापुढे उभं राहून साकडं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या भावकीने "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही रीत. यंदा ती मोडणार म्हणून माणूस आतल्या आत कुढत होता. कमलताईंना ते बघवत नव्हतं.

चतुर्थीला मुलगा वैभव उभा राहिला. दिवसभर ऑफिसची पत्रं लिहिणारा बिचारा! "हे गणराया, आपणास नम्र विनंती करण्यात येते की..." सगळे खो खो हसले. वैभव ओशाळून खाली बसला. गुणाजींनी मान खाली घातली.

तेवढ्यात सुचित्रा पदर खोचून उठली.

"बा देवा म्हाराजा! ह्या घराच्या धन्याचो आवाज गेलो आसा. त्येचा गाऱ्हाणा आज ही सून घालता, ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

काय ती ढब, काय तो हेल! डोळे मिटले असते तर गुणाजीच बोलतायत असं वाटलं असतं. कमलताईंना भरून आलं. किती गुणाची पोर! पण खोलीत कोणी हूं की चूं करेना. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं त्या घरात कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पुरुषमंडळी एकमेकांची तोंडं बघत राहिली. गुणाजींचे ओठ हलले, आवाज काही निघेना.

पुरुषांच्या आधी तोंड उघडायचं कमलताईंनी आयुष्यात कधी धाडस केलं नव्हतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"