मागच्या चाकाची चिंधी

चिंधी मी मागच्या चाकाला बांधली होती. हे मला तीन वर्षं ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते मात्र ठाऊक नव्हतं.

नेब्रास्कात आम्ही आलो तेव्हा लेट्टी माझ्या पोटात होती. सरकारी मोजणीदार आमच्या आधी येऊन गेले होते. पण मैलामैलावर पुरलेल्या दगडांखेरीज त्यांची खूण उरली नव्हती. मधली अर्ध्या मैलाची लाकडी खुंटी वणव्यात जळाली की कुणाच्या चुलीत गेली, कोण जाणे. आमचा तुकडा पूर्वेच्या दगडापासून पश्चिमेला अर्धा मैल. मग सगळे करतात तेच आम्ही केलं. माझ्या नवऱ्यानं, ऑरिननं, गाडीच्या चाकाचा घेर दोरीनं मोजला, राखेत बोटानं हिशेब मांडला आणि म्हणाला, "दोनशे एकोणतीस फेरे. अल्मीडा, चाकाला चिंधी बांध आणि ती वर आली की मोज. शंभर झाले की सुतळीला एक गाठ." तो स्वतः बैलांच्या पुढे चालणार होता, नाकासमोर, कारण बैल वाकडे गेले की हद्दही वाकडी.

मला तेव्हा सारखं मळमळायचं. पुढे तोंड करून बसलं की बैलांच्या पाठी हलताना दिसायच्या आणि पोटात ढवळायचं. म्हणून मी गाडीच्या मागच्या टोकाला बसले आणि चिंधी जवळच्या चाकाला बांधली. पुढची चाकं लहान असतात, गाडी वळावी म्हणून. हे मी रांगत होते तेव्हापासून बघत आलेय. पण बघणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. ऑरिननं घेर पुढच्या चाकाचा घेतला होता. मी फेरे मागच्याचे मोजले. एकही चुकवला नाही, याचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

दोनशे एकोणतिसाव्या फेऱ्याला ऑरिननं खुंटी ठोकली. तिच्या अलीकडे साठ पावलांवर जरासा उंचवटा होता, सगळ्या माळावर तेवढाच. तिथं आम्ही घर बांधलं. नांगरानं हराळीच्या ढेपा कापायच्या, विटांसारख्या रचायच्या. भिंत हातभर जाड. खिडकीच्या खोल कोनाड्यात लेट्टीचा पाळणा मावायचा. ढेपा कापताना मला दगडाची एक तासणी सापडली, इथल्या मूळच्या पॉनी जमातीच्या बायका कातडी खरवडायला वापरत तसली. माझ्या मुठीत अगदी नेमकी बसायची. त्या बायका आता इथं नाहीत. तासणी मी कोनाड्यात ठेवली. आणि घरामागे ऑरिननं विहीर खणली, दोन हिवाळे. चाळीस फुटांवर पाणी लागलं, असं गोड की मिसूरीतल्या माझ्या आईलाही मी पत्रात त्या पाण्याची चव लिहिली.

दुसऱ्या वसंतात हुल्डाबाई आल्या. नॉर्वेच्या, नवरा खलाशी होता, तो समुद्रावर वाचला आणि विस्कॉन्सिनमध्ये तापानं गेला. पन्नाशीच्या, उंच, डोक्याला कायम निळा रुमाल. आमच्या पश्चिमेचा तुकडा त्यांनी स्वतःच्या नावानं घेतला आणि आमच्या खुंटीपलीकडे फळ्यांची एक खोली उभी केली. विहीर नव्हती. रोज सकाळी खांद्यावर कावड घेऊन त्या आमच्याकडे पाण्याला यायच्या.

"आले गं भीक मागायला," असं दारातूनच म्हणायच्या.

"न्या की, हुल्डाबाई. विहिरीला काय झालंय?"

"विहिरीला काही नाही, पण तुझा नवरा मनात म्हणत असेल, खणली मी आणि पाणी भरते ती."

मी रोज एकच सांगायची, "दोर सावकाश सोडा, बादली काठाला आपटते." आणि त्या रोज आपटायच्या. मग दाराशी बसून लेट्टीला मांडीवर घ्यायच्या आणि तिला त्यांच्या भाषेतलं काहीतरी शिकवायच्या. पहिला शब्द लेट्टी तोच बोलली. त्याचा अर्थ बटाटा.

यंदा शरदात माळ जळाला. आमच्या घराभोवती आणि हुल्डाबाईंच्या खोलीभोवती नांगरलेला पट्टा होता म्हणून आम्ही वाचलो. आग गेल्यावर काळ्या जमिनीवर कधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. हुल्डाबाईंना त्यांच्या तुकड्याच्या पार पश्चिम टोकाला मोजणीदारांचा दगड सापडला, खुणेसकट.

"आता मी माझं मोजते," त्या म्हणाल्या. "हद्दीवर कॉटनवुडची झाडं लावीन म्हणते. सावलीत बसू दोघी, मी म्हातारी झाले की."

ऑरिन धान्य दळायला गेला होता. गिरणी दीड दिवसाच्या वाटेवर. मी, लेट्टी आणि पाच महिन्यांचा वॉरन, एवढेच घरी. हुल्डाबाई नवऱ्याचा जहाजावरचा दोर घेऊन निघाल्या. दोराला ठरावीक अंतरावर गाठी. एक खुंटी रोवायची, दोर ताणायचा, दुसरी रोवायची, परत येऊन पहिली उपटायची. पहिल्या दिवशी त्या काळ्या माळावर निळा ठिपका होत्या. दुसऱ्या दिवशी रुमालाची गाठ दिसू लागली. मी कपडे वाळत घालताना बघायची आणि मनात म्हणायची, चला, दुपारपर्यंत खुंटीशी येतील, कॉफी टाकू.

दुपारी त्या आमच्या खुंटीशी आल्या, आणि थांबल्या नाहीत.

दोर ताणत त्या माझ्या भोपळ्याच्या वेलांवरून आल्या, विहिरीच्या अंगावरून, घराच्या भिंतीला घासून पुढे गेल्या. घरापुढे साठेक पावलांवर बटाट्याच्या वाफ्यात त्यांनी शेवटची खुंटी रोवली आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी वॉरनला कडेवर घेऊन बाहेर आले. त्यांच्या मागे घर, घरामागे विहीर, आणि त्या सगळ्याच्या मागे, पार पलीकडे, आमची खुंटी.

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. तांबडी चिंधी, मागच्या चाकावर, सावकाश वर येणारी.

हुल्डाबाई दोर गुंडाळू लागल्या. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "जुना दोर, ओढून ओढून लांबलाय. तुझ्या नवऱ्याला गणित येतं, मला कुठं येतं? उगाच तुझे भोपळे तुडवले."

बोलायला हवं होतं हे मला तिथंच कळत होतं. वॉरन रडायला लागला आणि मी त्याचं निमित्त केलं. घरात शिरले, त्याला पाजायला घेतलं. हातभर जाड भिंती, कोनाडा, पाळणा. पाच वर्षं तुकड्यावर राहायचं, मग कचेरीत दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं की हे घर यांच्याच जमिनीवर आहे. तेव्हा जमीन आपली. पाचातली तीन गेली होती. आणि त्या दोन शेजाऱ्यांपैकी एक हुल्डाबाई असणार होत्या. त्यांनी हात वर करून माझी चूक शपथेवर खरी करायची. त्यांनी केलीही असती. जुन्या दोराला दोष देऊन.

वॉरन पोटभर प्यायला आणि माझ्या बोटाला धरून झोपला. बोट सोडवून घ्यायला मला बराच वेळ लागला.

सकाळी कावड दारात वाजली. "आले गं भीक मागायला."

"बसा आधी," मी म्हणाले.

"का, आटली विहीर?"

"हुल्डाबाई, तुमचा दोर लांबलेला नाही." मग मी सांगितलं. पुढचं चाक, मागचं चाक, मळमळ, सगळं. गाडी ऑरिन घेऊन गेला होता, म्हणून लहान-मोठी दोन झाकणं जमिनीवर फिरवून दाखवली, एका फेऱ्यात मोठं किती पुढे जातं ते. लेट्टीला तो खेळ वाटला आणि तिनं मोठं झाकण पळवलं.

हुल्डाबाई उठल्या, विहिरीतून बादली काढली, काठाला आपटली, ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि तोंड पुसलं.

"म्हणजे दीड वर्षं मी माझंच पाणी मागून नेत होते."

"हो."

"आणि वर तुझी बोलणी खात होते, दोर सावकाश सोडा म्हणून."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लेट्टीच्या हातून झाकण सोडवत राहिल्या. "रडतेस कशाला. दोर धुऊन वाळत घालणार होते आज, आखडावा म्हणून. आता नवऱ्याला सांग. ते माझ्याच्यानं होणार नाही."

ऑरिन संध्याकाळी आला. बैल सोडायच्या आधीच मी सांगितलं; बैल सोडल्यावर माझ्यानं सांगणं झालं नसतं. त्यानं आधी पुढच्या चाकावर हात ठेवला, मग मागच्या. पुन्हा पुढच्या. मग विहिरीच्या काठावर जाऊन बसला. दोन हिवाळे तो त्या खड्ड्यात उतरला होता आणि मी वरून मातीच्या बादल्या ओढल्या होत्या, लेट्टीला पाठीशी बांधून.

मी बाजूला जाऊन बसले. तो म्हणाला, "तुला मळमळत होतं तेव्हा."

"हो."

"मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. खुंटी ठोकतानाही चिंधी कुठं आहे ते बघितलं नाही." मग म्हणाला, "वर्षं आजपासून मोजायची. पाच, पहिल्यापासून. लेट्टी सात वर्षांची होईल."

"आणि घर?"

"हे घर कुठं जातंय? मातीचं घर उचलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य त्यानं हुल्डाबाईंना ऐकवलं, तेव्हा त्या कॉफीत मक्याची भाकरी बुडवत होत्या. "माझं येतं," त्या म्हणाल्या.

"काय येतं?"

"माझं घर उचलता येतं. फळ्यांचं आहे. खाली दोन ओंडके सारा, बैल जुंपा, तुमच्या जमिनीवर नेऊन ठेवा. मी इथं राहते. मला गुडघ्यांना ऊब हवीच आहे, फळ्यांतून वारा येतो."

"फळ्यांचं घर गार, आणि आम्ही लेकुरवाळे," ऑरिन म्हणाला.

"मग बाहेरून ढेपा रच. तुला येतं ते. माझ्यासाठी रचल्यासच की तीन वर्षांपूर्वी."

ऑरिन हसला. गिरणीवरून आल्यापासून पहिल्यांदा.

आठवड्यानं आम्ही ती खोली ओढली. बाहेर थंडी होती म्हणून आतली शेगडी विझवली नाही. मुलांना घेऊन मी आतच बसले. धुरांड्यातून धूर काढत घर माळावरून चाललं होतं आणि लेट्टी खिडकीतून बघत विचारत होती, "गवत कुठं चाललंय?" हुल्डाबाई बैलांच्या पुढे चालत होत्या, नाकासमोर. बटाट्याच्या वाफ्यातली खुंटी ओलांडली तेव्हा त्यांनी मागे वळून हाळी दिली, "पोरी, चिंधी कुठं बांधलीस?"

जुन्या घरातून निघताना मी कोनाडा पुसून घेतला. पाळणा घेतला. दगडाची तासणी हातात घेतली, मुठीत धरली, आणि परत होती तिथंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बादल्या घेऊन मी उंचवट्यावर गेले. दार उघडं होतं. आत हुल्डाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. आता मी काय म्हणायचं असतं ते मला सुचेना. मी विहिरीशी गेले आणि कप्पीवरून दोर सोडला.

"सावकाश सोड गं," आतून आवाज आला. "काठाला आपटते."