मान हलवणाऱ्या पंख्याचं लॅटिन

मित्रांनो, मी एक जुना टेबल-पंखा आहे. मला एका जागी टक लावून बघता येत नाही, त्यामुळे माझी गोष्टही जरा इकडून तिकडे जाईल. सांभाळून घ्या.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि दुकानातून थेट लग्नाच्या मांडवात. पंढरीनाथ आणि ममता यांच्या लग्नातला मी मामांकडचा आहेर. माझ्या बैठकीवर दोघांची नावं लाल रंगात रंगवलेली होती. परळच्या चाळीत माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! पाहुणा आला की आधी माझं तोंड त्याच्याकडे वळायचं, मग पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा.

१९८८ साली बिऱ्हाड मीरा रोडला आलं. टेम्पोत माझ्या डोक्यावर पाटा आदळला. जीव वाचला, पण मान थांबवायचं बटण आत गेलं ते कायमचं. तेव्हापासून चालू केलं की मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवतच राहतो. घरात कुणी काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: नाही, नाही, नाही. स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीतून गेलं.

त्या घरात माझ्याइतकंच अस्वस्थ आणखी एक माणूस होतं. क्षितिजा, त्यांची एकुलती एक मुलगी. अकरावीला तिने लॅटिन घेतलं. का, तर मार्क भरपूर पडतात असं मैत्रीण म्हणाली होती. मैत्रिणीने ऐनवेळी फ्रेंच घेतलं आणि ही अडकली. पहिल्याच चाचणीत भोपळा मिळाला.

"लॅटिन शिकून कुठे जाणारेस, रोमला?" पंढरीनाथ कडाडले. "वार्षिकला गचकलीस ना, तर कॉलेज बंद! स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास आहे, तिथे नाव घालतो."

पंढरीनाथ एकदा बोलले की बोलले. क्षितिजा पुस्तक घेऊन गॅलरीत जायची, आत यायची, पुन्हा गॅलरीत जायची. नखं खायची. मला तिची फार काळजी वाटायची, पण वारा घालण्यापलीकडे मी काय करणार?

एका संध्याकाळी तिने पुस्तक आपटलं. "एकाच शब्दाला किती ती शेपटं, बाबा! मुलगी आली तर एक शेपूट, मुलीला बघितलं तर दुसरं, मुलीची वही असली की तिसरं. माझ्या डोक्यात राहतच नाही."

पंढरीनाथांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे विभक्तीच की ही! आपल्याकडे नाही का, मुलीला, मुलीने, मुलीची?" मग ते चिडले. "आणि तू ती डोळ्यांनी वाचतेस? डोळ्यांनी वाचून विभक्ती येते होय? आम्हाला गुरुजींनी संस्कृतची रूपं घोकून घेतली होती. झोपेतून उठवून विचार, आजही सांगेन."

क्षितिजा लहान असताना त्यांच्याकडे दिवेलागणीला परवचा होत असे. दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायची, मग मोठ्याने पाढे. पंढरीनाथांनी तोच परवचा पुन्हा सुरू केला आणि पाढ्यांच्या जागी लॅटिन आलं. पुएल्ला म्हणजे मुलगी. पुएल्ला, पुएल्ला, पुएल्लाम, पुएल्लाए, पुएल्लाए, पुएल्ला. मुलगी, हे मुली, मुलीला, मुलीची, मुलीसाठी, मुलीकडून.

"आता द्विवचन," पंढरीनाथ म्हणाले.

"नाहीये, बाबा."

"दोन मुली असल्या तर?"

"सरळ बहुवचन."

"बरी सोय आहे लोकांची!"

दोघं माझ्यासमोर मांडी घालून बसायची. हळूहळू त्यांना माझा ताल सापडला. मान डावीकडे गेली की एक रूप, उजवीकडे गेली की पुढचं. बापलेक दोघांच्या माना माझ्याबरोबर हलू लागल्या. शेजारच्या भानूबेन एकदा हात जोडून दारात उभ्या राहिल्या. "कौन सा स्तोत्र है, भाईसाब? सुनके बहुत शांति लगती है." ममताताईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि हसू दाबत आत पळाल्या.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी दुपारीच लाइट गेली. माझी मान भिंतीकडे वळलेली होती, ती तिथेच थांबली. संध्याकाळ झाली तरी लाइट नाही आणि मुलीचाही पत्ता नाही. पंढरीनाथ येरझाऱ्या घालत होते. मला फक्त त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून वाट बघण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

शेवटी दार वाजलं. क्षितिजाचा आवाज रडवेला होता. "बाबा, मला कॉपी करताना पकडलं."

चपला थांबल्या. "केलीस?"

"नाही हो! रूपं आठवत होते, तर मान हलायला लागली. इकडे तिकडे. सरांना वाटलं, मी दोन्हीकडच्या पेपरांत बघतेय. पेपरच ओढून घेतला. म्हणाले, प्राचार्यांकडे चल."

"मग?"

"मी रडले. मग म्हटलं, सर, मी म्हणून दाखवते. अख्ख्या वर्गासमोर उभी राहिले आणि मान हलवत सगळी रूपं म्हटली. एकवचन, बहुवचन, सगळी. सर बघतच राहिले. पेपर परत दिला, वेळही वाढवून दिली. विचारलं, हे कुणी शिकवलं?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाबांनी. आणि आमच्या पंख्याने."

तेवढ्यात लाइट आली. मी गर्रकन त्यांच्याकडे वळलो. पंढरीनाथ डोळे पुसत होते आणि क्षितिजा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. त्या दिवशी माझी मान नाही, नाही म्हणत होती. पण आतून मी हो, हो असंच म्हणत होतो.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. टायपिंगच्या क्लासचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शिकत शिकत ती वकील झाली, नागपूरला गेली, तिथेच संसार थाटला. इकडे छताला नवा पंखा लागला आणि मी माळ्यावर गेलो. पात्यांवर धूळ बसली, मानेतलं तेल सुकलं. भंगारवाल्याने दोनदा माझा भाव केला.

पण पंढरीनाथ निवृत्त झाले आणि एका संध्याकाळी त्यांनी मला खाली काढलं. "छतावरचा आहे की," ममताताई म्हणाल्या. "तो मान हलवत नाही," ते म्हणाले.

म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या पंख्याच्या मानेत अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडत जा. माझी मान हल्ली मध्येच अडकते, करकरते, आणि मला धसका बसतो. कारण दिवेलागण झाली की माझ्यासमोर एक म्हातारा मांडी घालून बसतो आणि मोठ्याने म्हणू लागतो: मुलगी, हे मुली, मुलीला, मुलीची, मुलीसाठी. माझी मान थांबली तर तो पुढचं कशाच्या तालावर म्हणेल?