एकाक्ष

“दुखलं तर डावा हात वर करा,” असं म्हणत डॉक्टरांनी सुई हिरडीत टोचली.

मास्तरांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. मोटार शिकवणारे मास्तर. दिवसभर शिकाऊ लोकांवर खेकसायचं आणि उरलासुरला राग फोनवर कमेंटा लिहून पक्षाच्या कामी लावायचा, हा त्यांचा नेम. आठवडाभर दाढेने जीव नकोसा केला होता, तरी त्या कामात त्यांनी खंड पडू दिला नव्हता.

नजर वळवायला म्हणून त्यांनी समोर पाहिलं. पेशंटचं मन रमावं म्हणून भिंतीशी माशांची काचपेटी ठेवली होती. त्यातला एक गलेलठ्ठ सोनेरी मासा काचेजवळ आला. त्याला एकच डोळा होता आणि डोक्यावर पांढरा ठिपका.

मास्तरांनी तो ओळखला. ‘एकाक्ष’ नावाने विरोधी पक्षाची बाजू लढवणाऱ्या त्या नतद्रष्टाच्या खात्यावर याच माशाचा फोटो होता. कालच मास्तरांनी त्याला सुनावलं होतं, ‘हिंमत असेल तर समोर ये, दात घशात घालतो.’ तेही स्वतःच्या नावानं, हसऱ्या फोटोसकट. आपण लपूनछपून लिहिणाऱ्यांतले नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

डॉक्टरांनी पक्कड उचलली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. त्यांवरून काही कळेना.

“तोंड मोठं उघडा. आणखी.”

दाढ हलली आणि कळ थेट कानात गेली. हात वर करायचा? आणि तो याच्यासमोर? मास्तर मनातून पार घाबरले होते, पण हात काही उचलेनात. डोळ्यांतून पाणी तेवढं वाहायला लागलं.

डॉक्टर थांबले.

“अहो, हात वर करा म्हटलं होतं ना? कशाला सोसताय?”

त्यांनी पुन्हा सुई भरली, सावकाश टोचली आणि घाई न करता वाट पाहिली. मग दाढ कधी निघाली ते मास्तरांना कळलंच नाही. ताटलीत टण्णकन आवाज झाला तेवढाच.

कापसाचा बोळा चावत मास्तर उठले. सुटलो एकदाचे, असं वाटून ते दारापर्यंत पोचलेही.

“मास्तर,” मागून हाक आली. डॉक्टर काचपेटीत चिमूटभर खाणं टाकत होते. “आज गरम काही घेऊ नका. आणि बोलायचं अजिबात नाही.”

मास्तरांनी मान हलवली.

“लिहायला हरकत नाही.”